जादा चार तास म्हणजे एक रोज

गणेश चतुर्थीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास पेणहून हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला कधी गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल. भाताची लावणी आटोपून गाव निजायला लागलेले असते, पाऊस धारेने कोसळत असतो, पण गणपतीच्या कारखान्यांत दिवे जळत असतात. आत मूर्तींच्या रांगा, रंगाचा वास, कोणी पॉलिश पेपर घासतो आहे, कोणी पितांबराला रंग देतो आहे, आणि एखादा जुना जाणता कारागीर नाकासमोर दिवा ओढून डोळ्यांची आखणी करीत बसला आहे. माल वेळेवर गेला पाहिजे. गणपती काही तारीख पुढे ढकलत नाहीत!

अशा रात्री काम करणाऱ्या माणसाला त्या वेळेचे पैसे किती मिळावेत, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ. प्रश्न लहान दिसतो, पण पेणच्या कारखान्यापासून रोह्याच्या धाटाव वसाहतीपर्यंत शेकडो घरांचा महिन्याचा मेळ त्यावर बसतो किंवा बिघडतो.

समजा, एका रंगाऱ्याचा रोज ६४० रुपये आहे. तो सकाळी नऊला येतो, एक ते दोन जेवतो, सहाला त्याचे आठ तास भरतात. मग मालक म्हणतो, "आज थांबायला लागेल रे." चहा-वडापाव होतो, साडेसहाला पुन्हा हात चालू होतात ते साडेदहापर्यंत. चार तास जादा झाले. शनिवारी हिशेब होतो तेव्हा मालक या चार तासांचा अर्धा रोज, म्हणजे ३२० रुपये, हातावर ठेवतो. रंगारीही खुशीने घेतो. आठ तासांचा एक रोज, तर चार तासांचा अर्धा. यात चुकले कुठे? शाळेतल्या गणिताप्रमाणे काहीच चुकले नाही. कायद्याप्रमाणे मात्र निम्मे पैसे राहून गेले. जादा वेळेच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला द्यावा, असा नियम आहे. ६४० भागिले ८ म्हणजे तासाचे ८० रुपये. त्याची दुप्पट १६०. चार तासांचे झाले ६४०. म्हणजे जादा चार तासांचा अर्धा रोज नव्हे, पुरा रोज. अशा पंधरा रात्री जागल्या, तर फरक ४,८०० रुपयांचा पडतो. एवढ्यात घरातल्या दोन पोरांचे वर्षाचे दप्तर-वह्या-गणवेश होऊन वर थोडे उरेल.

तुम्ही म्हणाल, काम तेच, हात तोच, मग संध्याकाळी सहानंतर त्याची किंमत दुप्पट का व्हावी? याला दोन कारणे आहेत. पहिले असे की नववा-दहावा तास हा पहिल्या तासासारखा नसतो. तो माणसाच्या झोपेतून, घरातून, पोराबाळांतून कापून दिलेला असतो आणि तो अंगाला जास्त लागतो. दुसरे कारण कायदा करणाऱ्यांच्या मनात फार होते. जादा तास स्वस्त असेल, तर मालक दहा माणसांकडून पंधरा माणसांचे काम काढील. तो महाग असेल, तर तो विचार करील की आणखी चार माणसेच का लावू नयेत? म्हणजे दुप्पट दर हा एक प्रकारचा बांध आहे. कामाचे पाणी एकाच्याच शेतात तुंबू नये, शेजारच्या बेकार हातांकडेही वळावे, म्हणून घातलेला.

हा बांध एका दिवसात पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या कोकणातली माणसे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होती, त्यांना आठवड्याची सुट्टीसुद्धा ठरलेली नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यात मागितले काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारच्या सुट्टीची मागणी गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. पुढे कायद्याने तास थोडे थोडे करून खाली आणले. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्र सरकारात मजूर खाते सांभाळीत असताना, वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांसाठी ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला. मग स्वतंत्र भारताचा १९४८ चा कारखाने कायदा झाला. त्याच्या ५९ व्या कलमाने दुप्पट दर सांगितला, आणि त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याने कारखान्याबाहेरच्या कितीतरी धंद्यांतल्या मजुरांनाही जादा वेळेच्या मोबदल्याचा हक्क दिला.

हे दोन्ही जुने कायदे आता राहिले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी आपल्या कामाच्या दोन. एक २०१९ ची वेतन संहिता. दुसरी २०२० ची. तिचे नाव लांबलचक आहे, व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांची संहिता. आपण तिला नुसती कामाची संहिता म्हणू. कायदे बदलले म्हणून दुप्पट दर गेला, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वेतन संहितेच्या १४ व्या कलमात आणि कामाच्या संहितेच्या २७ व्या कलमात तो तसाच आहे.

आता एक गंमत पाहा. पेणमध्ये दहा-बारा माणसे बसून मूर्ती करतात त्या जागेला सगळे कारखानाच म्हणतात. पण कायद्याच्या पुस्तकातला कारखाना निराळा. नव्या संहितेप्रमाणे विजेवर काम चालत असेल तर निदान २० कामगार आणि वीज नसेल तर निदान ४० कामगार असावे लागतात, तेव्हा तो कारखाना. म्हणून एखादा मालक म्हणेल, "अहो, आमचा कसला कारखाना? घरची पडवी ती. आम्हाला कुठले कायदे?" त्याचे अर्धेच बरोबर. कारखान्याचे नियम त्याला लागणार नाहीत. दहापेक्षा कमी माणसे असतील तर कामाची संहिताही साधारणपणे लागणार नाही. पण वेतन संहितेला माणसांची अशी संख्या लागत नाही. एकच माणूस मजुरीने ठेवला तरी तिचे किमान वेतन आणि जादा वेळेचे कलम त्या माणसापुरते उभे राहते. पडवी असो की पत्र्याची शेड असो.

मालकाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. पेणचा लहान मूर्तिकार काही गिरणीमालक नाही. माती, रंग, साचे यांच्यासाठी त्याने कर्ज काढलेले असते, माल गेल्यावर व्यापारी पैसे कधी देईल याचा भरवसा नसतो, आणि जुलैच्या दमट हवेत मूर्ती वाळत नाहीत म्हणून काम शेवटी तुंबते. तो कारागिराला आषाढात दोनदा जेवू घालतो, अडीनडीला उचल देतो. हे सारे खरे आहे. पण उचल परत घ्यायची असते आणि जेवण म्हणजे पगार नव्हे. ज्याला भाद्रपदातली गर्दी आधीपासून ठाऊक आहे, त्याने मूर्तीचा भाव सांगतानाच रात्रीच्या कामाचा दर धरला पाहिजे. विजेचे बिल तो धरतोच की!

आता तास मोजायचे कसे, ते पाहू. कारण बहुतेक भांडणे इथेच होतात. जुन्या कारखाने कायद्यात दोन मोजमापे होती. दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास. यातून एक गैरसमज रुजला की नववा तास फुकट करायचा असतो. तसे नाही. सहा दिवस आठ-आठ तास भरले की ४८ पुरे होतात. मग नववा तास जुन्या हिशेबानेही आठवड्याच्या मापाबाहेरच पडतो. रोज नऊ तास सहा दिवस केले तर ५४ तास झाले, त्यांतले सहा जादाचे. नव्या कामाच्या संहितेने तर कामाचा दिवस आठ तासांचाच सांगितला आहे.

पण एखाद्याने आठवड्यात एक खाडा केला तर? समजा, आपला रंगारी बुधवारी आला नाही; घरी लावणी होती. गुरुवारी तो रात्री साडेदहापर्यंत थांबला. शनिवारी हिशेबनीस म्हणतो, "तुझे आठवड्याचे ४८ कुठे भरलेत? गुरुवारचे चार तास बुधवारच्या खाड्यात गेले." जिथे कामाची संहिता लागू आहे, म्हणजे साधारण दहा किंवा जास्त माणसे आहेत, तिथे हे चालत नाही. जादा वेळ दिवसावर मोजायची किंवा आठवड्यावर, यांपैकी कामगाराच्या फायद्याचे जे असेल ते धरावे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. बुधवारचा रोज त्याला मिळणार नाही, ते रास्तच आहे. पण गुरुवारचे जादा चार तास जादाच राहतात.

याच्या उलट बाजूचाही एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. किमान वेतन रोजावर ठरलेला माणूस कामाला आला, आणि वीज गेली किंवा माती आली नाही म्हणून मालकाने त्याला दुपारी घरी पाठवले, तर तो पुऱ्या रोजाला पात्र असतो. काम न करण्याची इच्छा त्याची नव्हती, एवढे पुरे. काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा.

पेणहून गाडीत बसून कासू, नागोठणे मागे टाकत रोह्याला उतरलो की चित्र बदलते. इथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, आणि गावाशेजारी कुंडलिकेच्या काठाने धाटावची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. रसायनांचे कारखाने. इथे काम हंगामी नसते, चोवीस तासांचे असते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. रिॲक्टरमध्ये माल शिजत असतो, तो पाळी संपली म्हणून थांबत नाही. म्हणून पुढच्या पाळीचा माणूस, ज्याला सगळे रिलिव्हर म्हणतात, तो आला नाही, तर आधीच्याला थांबावे लागते. याचेच नाव डबल.

समजा, पाळ्या सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात अशा आहेत. दुसऱ्या पाळीचा एक ऑपरेटर अकराला सुटायचा, तो रिलिव्हर न आल्यामुळे सकाळी सातपर्यंत राहिला. सोळा तास झाले. आठ तासांचा एक रोज. जादा आठ तासांचे दुप्पट म्हणजे दोन रोज. एक डबल म्हणजे एकूण तीन रोज, हे तोंडी हिशेबाला सोपे. पण हजेरीपटावर काय होते? काही ठिकाणी मुनशी म्हणतो, "बारा वाजले, तारीख बदलली. अकरा ते सात ही तुझी उद्याची हजेरी. उद्या येऊ नकोस, विश्रांती घे." म्हणजे दोन दिवसांच्या दोन हजेऱ्या लागल्या आणि जादा काम कागदावरून नाहीसे झाले! यावर उत्तर कायद्यात पूर्वीपासून आहे, आणि नव्या संहितेच्या २८ व्या कलमातही आले आहे. पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास मागच्या दिवसात मोजायचे. आणि कामगाराचा पुढचा दिवस ती पाळी संपल्यापासून सुरू होतो. भिंतीवरचे कॅलेंडर काही म्हणो, कामगाराचा दिवस त्याच्या पाळीने संपतो.

इथे पैशापलीकडचेही एक बोलले पाहिजे. मूर्तीवर रंग सांडला तर मूर्ती पुसता येते. रसायनाच्या प्लान्टवर पहाटे चार वाजता, सोळा तासांपैकी तेराव्या तासाला, डोळा लागला आणि व्हॉल्व्ह चुकीचा फिरला, तर पुसून काढता येत नाही. दुप्पट पैसे मिळतात म्हणून आठवड्यात तीन-तीन डबल मारणारी तरुण पोरे आहेत. त्यांच्या घरच्यांनी त्यांना एकदा तरी आवरावे.

महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याने आपला तासाचा दर कसा काढावा? साधारण रीत अशी की महिन्याच्या वेतनाला २६ ने भागावे, कारण महिन्याच्या पगारात आठवड्याच्या सुट्ट्या धरलेल्या असतात. मग ८ ने भागावे. थोडक्यात २०८ ने. पण भागायचे कशाला? मूळ पगार आणि महागाई भत्ता हे वेतन. घरभाडे, प्रवासखर्च वगैरे भत्ते बाहेर ठेवता येतात. पूर्वी पुष्कळ ठिकाणी मूळ पगार आखूड आणि भत्ते लांब अशी मांडणी असे, म्हणजे जादा वेळेचा दरही आखूड. नव्या वेतन संहितेने इथे एक खुंटी मारली आहे. बाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात परत मिळवायचा.

उदाहरण घेऊ. एकूण ३१,२०० रुपये. त्यांत मूळ पगार व महागाई मिळून १३,०००, बाकीचे भत्ते १८,२००. एकूण रकमेचे निम्मे १५,६००. भत्ते त्याच्या वर २,६०० गेले. ते १३,००० मध्ये मिळवले की वेतन झाले १५,६००. त्याला २०८ ने भागा, तासाचे ७५ आले. जादा तासाचे १५०. जुन्या मांडणीने नुसत्या १३,००० वर काढले असते तर १२५ आले असते. तासाला २५ रुपयांचा फरक. एका डबलला दोनशेचा.

आणखी एक पळवाट पूर्वी काढली जात असे. मालक म्हणायचा, आम्ही किमान वेतनापेक्षा जास्तच देतो, मग दुप्पट करायचे ते सरकारी किमान दराचे करू. नागपूरच्या महापालिकेतल्या नोकरांच्या प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की दुप्पट म्हणजे माणसाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या नेहमीच्या वेतनाची दुप्पट. तेव्हा आपल्या रंगाऱ्याला ६४० मिळत असतील तर हिशेब ६४० वरच व्हायचा.

गेल्या दोन-चार वर्षांत बारा तासांच्या दिवसाची बरीच चर्चा झाली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाचे कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याला आणि तीन महिन्यांतल्या जादा तासांची मर्यादा ११५ वरून १४४ करण्याला मान्यता दिली. ते ऐकून पुष्कळांना वाटले की आता बारा तासांचा एक रोज झाला. तसा अर्थ काढू नये. त्या निर्णयातही आठवड्याचे ४८ तास कायम धरलेले आहेत, त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला आहे आणि कामगाराची लेखी संमती मागितलेली आहे. बारा तास राबवून घेणे आणि बारा तास एका रोजात बसवणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक बुजवण्याचा प्रयत्न एकदा गुजरातेत झाला होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तिथल्या सरकारने एक अधिसूचना काढली. कारखान्यांत दिवसाला बारा तास काम घेता येईल आणि जादा वेळेचा दर दुप्पट नाही, नेहमीचाच राहील. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि मधल्या काळात जादा काम केलेल्या पात्र कामगारांना कायद्याप्रमाणे जादा वेळेचे वेतन द्या, असा हुकूम केला. साथीमुळे धंदे बसले हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्याचा सगळा भार कामगाराच्या पाठीवर टाकता येणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

संमतीचे बोललो, तर तिचाही नीट अर्थ ध्यानात घ्या. नव्या संहितेप्रमाणे कामगाराच्या संमतीशिवाय त्याला जादा काम करायला लावता येत नाही. बाईमाणसाला संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आत काम द्यायचे, तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेच्या अटी पाळल्या पाहिजेत. मूर्तींच्या रंगकामाला आता बायका पुष्कळ आहेत. रात्री साडेदहाला काम सुटल्यावर त्या पावसात घरी कशा जाणार, हा प्रश्न मालकाने आपणहून विचारायचा आहे. नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर घेतलेली सही ही संमती म्हणायची का, हे ज्याचे त्याने समजावे.

नगावर काम करणाऱ्यांचा हिशेब मात्र निराळा. पेणच्या पापड लाटणाऱ्या बायका किलोवर घेतात, मूर्तींतही साचे भरणे कित्येकदा नगावर असते. तिथे सहानंतरचा पापड दुप्पट भावाने, असे होत नाही. पण वेळेवर ठरलेले किमान वेतन लागू असेल, तर त्या वेळेपुरते निदान तेवढे तरी पदरात पडलेच पाहिजे, हे संरक्षण नगवाल्यालाही आहे. म्हणून दिवसभर बसून किती नग होतात आणि त्याचे किती पैसे येतात, हे दोन-चार दिवस मोजून पाहावे. रोजंदारीपेक्षा फार खाली येत असेल तर नगाचा भावच कमी आहे.

कंत्राटदाराकडून लागलेल्या माणसाचीही एक अडचण. कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचार, कंत्राटदार म्हणतो कंपनीने बिल पास केले नाही. वेतन देण्याची पहिली जबाबदारी कंत्राटदाराची. तो चुकला, तर ज्याच्या कामावर माणूस राबला त्या मूळ मालकाला ते पैसे भरून द्यावे लागतात. मग त्याने ते कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्यावेत. दोघांच्या भांडणाशी मजुराला कर्तव्य नाही.

आता मुख्य अडचण. हे सारे खरे, पण किती तास थांबलो याला पुरावा काय? रोजंदारीवरचा माणूस तोंडी हिशेबावर जगतो. चतुर्थी होऊन गेल्यावर कोणत्या रात्री साडेदहा झाले आणि कोणत्या रात्री नऊ, हे त्यालाही आठवत नाही, मालकालाही नाही. अशा वेळी मालकाच्या वहीत जे असेल ते खरे ठरते. म्हणून दहा-वीस रुपयांची एक वही आणा. तारीख, आलो किती वाजता, जेवणाची सुट्टी किती, सुटलो किती वाजता, कोण बरोबर होते, आणि आठवड्याला हातात किती पडले, एवढेच रोजच्या रोज लिहा. महिन्याने आठवून लिहिलेली वही फारशी उपयोगाची नाही. रोज लिहिलेल्या वहीला शाईवरूनही वजन येते. मालकाने वेतनाची चिठ्ठी देणे बंधनकारक आहे. ती मिळाली की जपून ठेवा, आणि तीत जादा तास निराळे दाखवले आहेत की बक्षीस म्हणून काही आकडा टाकला आहे, ते पाहा.

इथे शिक्षक मंडळींना एक विनंती. पेण-रोह्याच्या शाळांत असे एकही वर्ग नसेल की ज्यात कोणाचा बाप पाळीवर जात नाही किंवा कोणाची आई रंगकामाला बसत नाही. सहावी-सातवीच्या मुलांना काळ-काम-वेगाची गणिते आपण घालतोच. हौद किती तासांत भरेल आणि भिंत किती माणसांत होईल. त्यांच्या जोडीला एक गणित जादा तासांचे घाला. रोज ५६०, सहा दिवस काम, तीन रात्री तीन-तीन तास जादा, आठवड्याचे किती? मूल ते घरी जाऊन सोडवील. उत्तर ४,६२० येते, आणि बापाने आणलेले पैसे ३,९९० असतील, तर ६३० रुपये कुठे गेले हे मूल विचारल्याशिवाय राहणार नाही. वही लिहिणे ज्यांना जमत नाही त्या आईबापांची वही मुलाने रोज रात्री लिहावी, हा गृहपाठ कोणत्याही शुद्धलेखनापेक्षा हलका नाही.

पैसे राहिलेच, तर पहिल्यांदा मालकाशी किंवा मुकादमाशी वही उघडून शांतपणे बोलावे. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात, कारण पुष्कळ लहान मालकांनाही हा दुप्पट दर खरोखर ठाऊक नसतो. बोलून भागले नाही, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करता येतो. स्वतः करता येतो, नोंदलेल्या युनियनमार्फत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या तक्रारीला सहा महिन्यांची मुदत होती आणि हंगामी मजुराचा हंगाम सरून पुढचा यायच्या आत ती संपून जाई. वेतन संहितेत ती तीन वर्षांची आहे. पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा भार तिथे मालकावर आहे. आणि राहिलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे.

अर्जात कोणत्या तारखांचे किती तास, त्यांचे किती पैसे यायला हवे होते आणि किती मिळाले, एवढे तीन रकाने पुरेत. वहीच्या पानांची नक्कल जोडावी. मूळ वही मात्र कोणी मागितली तरी देऊन टाकू नये; दाखवावी आणि परत घरी आणावी.